लाळ्या-खुरकूत रोगाचा माग काढणारे फ्रीडरिख लोफ्लर

बर्लिनमधील शोध, रीम्स बेटावरील एकांतवास आणि नांदेड-लातूरच्या गोठ्यांपर्यंत आलेली लस

नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी ही मराठवाड्याच्या पशुधनातील दोन मानाची नावे. माळेगावच्या खंडोबा यात्रेत कंधारी वळू पाहायला गर्दी होते आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलजोडीचा भाव ऐकून माणसे थबकतात. या जनावरांना वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत रोगाची लस टोचली जाते, कानात बारा अंकी बिल्ला मारला जातो आणि त्याची नोंद थेट राष्ट्रीय संगणक प्रणालीत होते. ही मोहीम देशभर एकाच वेळी का राबवावी लागते, एका शेतकऱ्याने आपल्यापुरती काळजी घेतली तर का भागत नाही, या प्रश्नांची उत्तरे सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञाने स्वतः ठेच खाऊन मिळवली होती. त्यांचे नाव फ्रीडरिख लोफ्लर. लाळ्या-खुरकूत हा रोग विषाणूमुळे होतो हे त्यांनी सहकारी पाउल फ्रोश यांच्यासह सिद्ध केले. प्राण्यांना होणाऱ्या रोगामागे विषाणू असतो हे मानवाला कळले ते याच संशोधनातून.

लष्करी डॉक्टरचा मुलगा

फ्रीडरिख लोफ्लर यांचा जन्म २४ जून १८५२ रोजी जर्मनीच्या पूर्व भागातील ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट गावी झाला. मोठ्या उद्योगनगरीचे फ्रँकफुर्ट ते हे नव्हे. वडील प्रशियाच्या सैन्यात डॉक्टर होते. घरात शिस्त होती आणि वैद्यकविद्येचे वातावरणही होते. मुलानेही तोच मार्ग धरला. वुर्झबुर्ग येथे व नंतर बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी विद्यार्थिदशेतच रुग्णालय साहाय्यक म्हणून काम केले. १८७४ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली आणि त्यानंतर काही वर्षे हॅनोव्हर व पॉट्सडॅम येथील छावण्यांमध्ये त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून सेवा केली.

१८७९ मध्ये त्यांची नेमणूक बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात झाली आणि त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. पुढच्याच वर्षी तेथे रॉबर्ट कॉख रुजू झाले. रोग जंतूंमुळे होतात हा विचार त्या काळी नवा होता. अमुक रोग अमुक जंतूमुळेच होतो हे निर्विवादपणे कसे सिद्ध करायचे, याची पद्धत याच प्रयोगशाळेत आकाराला येत होती. रोगी शरीरात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा करून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे आणि निरोगी प्राण्याला टोचल्यावर त्याने तोच रोग निर्माण केला पाहिजे. कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कसोट्या स्पष्टपणे मांडण्यात लोफ्लर यांचाही मोठा वाटा होता. गेओर्ग गाफ्की आणि लोफ्लर हे कॉख यांचे सुरुवातीचे दोन निकटचे सहकारी.

माणसाचा रोग, जनावराचा रोग

लोफ्लर डॉक्टर होते माणसांचे. पण त्यांचे पहिले मोठे यश जनावरांच्या रोगातले. १८८२ मध्ये पशुवैद्यक विल्हेल्म श्युट्झ यांच्यासोबत त्यांनी घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स रोगाचा जीवाणू शोधून काढला. घोडदळावर भिस्त असलेल्या त्या काळात हा रोग सैन्याची मोठी डोकेदुखी होता. पुढे डुकरांना होणाऱ्या एरिसिपेलस रोगाच्या जीवाणूवरही त्यांनी काम केले.

जगभर त्यांचे नाव झाले ते मात्र १८८४ मध्ये, लहान मुलांच्या घटसर्पामुळे. येथे मराठी वाचकाने एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे गुरांच्या गळसुजीलाही घटसर्प म्हणतात. परंतु तो रोग निराळा आणि मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थीरिया निराळा. या दुसऱ्या रोगाने युरोपात दरवर्षी असंख्य बालके घशात पडदा धरून गुदमरून मरत. एडविन क्लेब्स यांनी १८८३ मध्ये त्या पडद्यात एक जीवाणू पाहिला होता. लोफ्लर यांनी तो वेगळा केला, गोठवलेल्या रक्तद्रवावर वाढवला आणि प्राण्यांना टोचून पाहिला. जीवाणूंच्या वाढीसाठी त्यांनी वापरलेले माध्यम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांच्या स्वभावाची खूण या संशोधनात दिसते. काही रोगी मुलांत हा जीवाणू सापडला नाही आणि एका निरोगी मुलाच्या घशात मात्र तो सापडला. आपल्या निष्कर्षाला अडचणीची ठरणारी ही निरीक्षणे त्यांनी लपवली नाहीत. शोधनिबंधात ती स्पष्टपणे नोंदवली. जीवाणू घशातच राहतो, तरी हृदय आणि इतर इंद्रिये निकामी होतात. म्हणजे तो काही विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी केला. पुढे पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी तो खरा ठरवला. निरोगी दिसणाऱ्या शरीरातही रोगाचे बीज असू शकते, ही नोंद लाळ्या-खुरकूत रोगाच्या बाबतीतही पुढे महत्त्वाची ठरायची होती.

१८८७ मध्ये त्यांनी जीवाणुशास्त्राच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि या विषयाला वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या स्थापनेत भाग घेतला. १८८८ मध्ये बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ट विद्यापीठात ते आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांना उंदरांमध्ये प्राणघातक साथ पसरवणारा एक जीवाणू सापडला. १८९२ मध्ये ग्रीसच्या थेसली प्रांतात शेतातील उंदरांनी उच्छाद मांडला, तेव्हा ग्रीक सरकारच्या निमंत्रणावरून ते तेथे गेले आणि या जीवाणूत भिजवलेल्या पावाचे तुकडे शेतात टाकण्याचा प्रयोग त्यांनी केला. त्या वेळी या प्रयोगाचा मोठा गवगवा झाला. हा जीवाणू माणसालाही अन्नातून विषबाधा करू शकतो हे नंतर लक्षात आले आणि ती पद्धत मागे पडली. जंतू मोकळा सोडणे सोपे, आवरणे कठीण, हा धडा लोफ्लर यांना आणखी एकदा, अधिक कठोरपणे मिळणार होता.

गाळणीतून निसटलेला शत्रू

लाळ्या-खुरकूत हा रोग जुना आहे. इटालियन वैद्य फ्राकास्तोरो यांनी १५१४ मधील गुरांच्या ज्या साथीचे वर्णन १५४६ मध्ये केले, ती याच रोगाची असावी असे मानले जाते. जनावराला ताप येतो, जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, ते फुटून जखमा होतात. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जनावर खात नाही आणि लंगडते. मोठे जनावर सहसा मरत नाही. परंतु दूध आटते, गाभण गाय गाभडते, बैल कामाचा राहत नाही. लहान वासरांच्या हृदयावर आघात होऊन ती अचानक दगावतात. १८९० च्या दशकात जर्मनीत या रोगाच्या मोठ्या साथी आल्या आणि शेतकऱ्यांची दाणादाण उडाली. अखेर १८९७ मध्ये या रोगाच्या अभ्यासासाठी आयोग नेमण्यात आला. त्याचे नेतृत्व लोफ्लर यांच्याकडे आले आणि कॉख यांच्या बर्लिन येथील संस्थेतील पाउल फ्रोश त्यांचे सहकारी झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी लोफ्लर यांचे जुने सोबती गाफ्की प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मन आयोगाबरोबर मुंबईत आले होते.

फोडांतील द्रवात जीवाणू सापडेल अशी सर्वांची अपेक्षा होती. लोफ्लर आणि फ्रोश यांनी तो द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, नाना माध्यमांवर वाढवण्याचा प्रयत्न केला. हाती काहीच लागले नाही. मग त्यांनी द्रवाचा एक भाग एकोणचाळीस भाग पाण्यात मिसळला आणि ते मिश्रण जीवाणू अडवून धरणाऱ्या बारीक मातीच्या गाळणीतून गाळले. गाळलेले पाणी वासरांना टोचले. त्यात काहीही उरलेले नसावे, अशी अपेक्षा होती. दोन-तीन दिवसांत वासरे आजारी पडली. न गाळलेला द्रव टोचलेल्या वासरांइतकीच आणि तितक्याच वेळात.

या निकालाचे दोन अर्थ निघत होते. एक तर गाळणीतून विलक्षण जहाल विष खाली उतरले असावे किंवा गाळणीच्या छिद्रांहून लहान असा एखादा जिवंत घटक त्यातून निसटला असावा. दोघांनी मग आजारी वासराच्या फोडांतील द्रव पुन्हा गाळून दुसऱ्या जनावराला टोचला आणि रोग पुढे सरकतो हे दाखवले. द्रव दर वेळी इतका पातळ होत होता, की विष असते तर त्याचा प्रभाव संपायला हवा होता. प्रभाव कायम होता, म्हणजे तो घटक जनावराच्या शरीरात वाढत होता. अधिक बारीक छिद्रांच्या गाळणीत तो अडकतो असेही त्यांना आढळले. म्हणून तो द्रवरूप नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळचा सर्वांत चांगला सूक्ष्मदर्शकही हे कण दाखवू शकत नव्हता.

रशियाच्या दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये तंबाखूच्या रोगाबाबत आणि नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ मध्ये त्याच रोगाबाबत गाळणीतून निसटणाऱ्या कारकाची नोंद केली होती. प्राण्यांच्या बाबतीत मात्र पहिला मान १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रोश यांना मिळाला. देवी आणि गुरांची बुळकांडी यांसारख्या, कारण न सापडलेल्या रोगांमागेही असेच अतिसूक्ष्म घटक असावेत, हा त्यांचा अंदाज पुढील काळात खरा ठरला.

प्रयोगशाळेतूनच पसरलेली साथ

कारण सापडले, आता उपाय हवा होता. रोगातून उठलेले जनावर काही काळ पुन्हा आजारी पडत नाही, हे दिसत होते. लोफ्लर यांनी फोडांतील द्रव आणि रोगमुक्त जनावराचे रक्त यांचे मिश्रण टोचून निरोगी जनावरांत प्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेत आशा वाटली. पण गोठ्यात गणित जमले नाही. मिश्रणाचे प्रमाण थोडे चुकले, तर टोचलेल्या जनावरालाच रोग होई आणि तेथून तो पसरे. तो मार्ग त्यांना सोडावा लागला. नंतर त्यांनी रोगमुक्त जनावरांच्या रक्तापासून बनवलेल्या रक्तद्रवाकडे लक्ष वळवले. मात्र त्याचे संरक्षण अल्पकाळ टिके.

या प्रयोगांसाठी सतत आजारी जनावरे लागत. ग्राइफ्सवाल्टच्या परिसरातील गोठ्यांत ती ठेवली जात. सर्व खबरदारी घेऊनही आसपासच्या शेतांवर लाळ्या-खुरकूत रोग फुटू लागला. हा विषाणू माणसाच्या कपड्यांवरून, बुटांवरून, चाऱ्यातून, भांड्यांतून, गाडीच्या चाकांवरून आणि अनुकूल हवामानात वाऱ्यावरूनही पसरतो, हे आज सर्वमान्य आहे. त्या वेळी त्याची पुरती कल्पना नव्हती. शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. ज्यांना रोगातून सोडवायचे, त्यांच्याच दारात आपल्या संशोधनाने रोग नेला, ही कोणत्याही शास्त्रज्ञासाठी कठीण वेळ होती. १९०७ मध्ये सरकारने ग्राइफ्सवाल्ट येथील प्रयोगांवर बंदी घातली.

लोफ्लर यांनी काम सोडले नाही. जागा बदलण्याचा आग्रह धरला. ग्राइफ्सवाल्टजवळच्या उपसागरात रीम्स नावाचे चिमुकले बेट आहे. चारही बाजूंनी पाणी आणि वस्ती नगण्य. १९१० मध्ये तेथे लाळ्या-खुरकूत रोगाच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. केवळ विषाणूच्या अभ्यासासाठी उभारलेली जगातील सर्वांत जुनी संस्था म्हणून आज तिची ओळख आहे.

भारतात हाच विचार त्याआधी झालेला होता. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातील पहिली शाही प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. घातक जंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर या निर्जन ठिकाणी हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तेच.

१९१३ मध्ये गाफ्की निवृत्त झाले आणि बर्लिनमधील संसर्गजन्य रोगांच्या संस्थेची धुरा लोफ्लर यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध पेटले. साठी ओलांडलेले लोफ्लर पुन्हा लष्करी वैद्यकसेवेत गेले. ९ एप्रिल १९१५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. ज्या रोगामागे त्यांनी आयुष्याची शेवटची अठरा वर्षे घालवली, त्याची भरवशाची लस त्यांना पाहायला मिळाली नाही आणि आपण शोधलेला विषाणू डोळ्यांनी पाहणेही त्यांच्या नशिबी नव्हते.

एक रोग, सात प्रकार

लोफ्लर यांच्या प्रयत्नांना यश का आले नाही, याचे एक कारण १९२२ मध्ये उलगडले. फ्रान्समधील वाले आणि कारे यांनी दाखवून दिले, की लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू एक नसून त्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे निष्प्रभ ठरते. ओ आणि ए हे दोन प्रकार प्रथम ओळखले गेले. १९२६ मध्ये रीम्स बेटावरील ओटो वाल्डमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने सी प्रकार वेगळा केला. पुढे आफ्रिकेतील तीन प्रकार आणि १९५४ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या नमुन्यात आढळलेला आशिया-१ मिळून ही संख्या सात झाली.

१९३८ मध्ये त्याच बेटावर वाल्डमान यांनी निष्क्रिय केलेल्या विषाणूची उपयुक्त लस तयार केली. ती आजारी गुरांच्या जिभेवरील फोडांपासून बनत असल्याने फारशी मुबलक नव्हती. नेदरलँड्सच्या फ्रेंकेल यांनी कत्तलखान्यातून मिळणाऱ्या निरोगी जिभांच्या आवरणावर विषाणू वाढवण्याची पद्धत शोधली आणि लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९६० च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ती तयार होऊ लागली. रीम्स येथील संस्थेला १९५२ मध्ये लोफ्लर यांचे नाव देण्यात आले.

युरोपापुढे दोन मार्ग होते. रोग फुटला की परिसरातील सर्व जनावरे मारून टाकायची किंवा सर्वांना लस टोचून रोगाला थाराच द्यायचा नाही. ब्रिटनने पहिला मार्ग धरला. २००१ च्या साथीत तेथे ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. जर्मनीसह अनेक देशांनी नियमित लसीकरणाने रोग हटवला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ते थांबवले.

भारताचा मार्ग लसीचा

भारतात पहिला मार्ग शक्यच नव्हता. कंधार किंवा देवणीच्या अल्पभूधारकाकडे बैलजोडी आणि एखादी गाय, हीच त्याची शेती व बचत. ती मारून भरपाई द्यायची, तर ना सरकारला परवडणार ना समाजाला रुचणार. जे काम लोफ्लर यांना जमले नव्हते, तेच भारताने राष्ट्रीय पातळीवर हाती घेतले.

त्याला बुळकांडीच्या निर्मूलनाचा भक्कम आधार होता. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना १९५४ मध्ये बुळकांडीविरोधी राष्ट्रीय मोहिमेला आरंभ झाला. चार दशके गावोगावी लस टोचली गेली. १९९५ नंतर देशात या रोगाचा उद्रेक झाला नाही, २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग.

लाळ्या-खुरकूत मात्र अधिक चिवट आहे. बुळकांडीची लस एकदा टोचली की संरक्षण दीर्घकाळ टिके आणि एकच लस सर्वत्र चाले. लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीचा प्रभाव सुमारे सहा महिने राहतो. भारतात ओ, ए आणि आशिया-१ हे तीन प्रकार आढळतात, त्यामुळे तिन्हींचा समावेश असलेली लस द्यावी लागते. सी प्रकार देशात १९९५ नंतर सापडलेला नाही. रोगातून बऱ्या झालेल्या गायी-म्हशींच्या घशात हा विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. घटसर्पाच्या वेळी लोफ्लर यांना निरोगी मुलाच्या घशात दिसलेली गोष्ट ती हीच. त्यातच गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर अशा दोन खुरांच्या सर्वच जनावरांना हा रोग होतो.

२००३-०४ मध्ये देशातील ५४ जिल्ह्यांत लाळ्या-खुरकूत नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१०-११ मध्ये तो २२१ जिल्ह्यांत पोहोचला. मे २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर केला आणि ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत त्याचा प्रारंभ झाला. २०२५ पर्यंत रोगावर नियंत्रण आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट त्या वेळी ठरवण्यात आले. विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. त्यांना वर्षातून दोनदा, शीतसाखळी न तुटू देता लस देणे हे काम किती अवाढव्य आहे, याची कल्पना यावरून यावी.

बाजार, यात्रा आणि बांधावरची सीमा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांसाठी लोफ्लर यांच्या आयुष्यातील रीम्सचा अध्याय सर्वांत बोधक आहे. सुशिक्षित शास्त्रज्ञाच्या बंदिस्त गोठ्यातूनही जो विषाणू बाहेर पडला, तो आठवडी बाजारात मोकळाच फिरतो. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला आणि कर्नाटकाला लागून आहे, लातूर जिल्हा कर्नाटकातील बीदरला खेटून आहे. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, तीन राज्यांतील जनावरे एकाच हौदावर पाणी पितात. कंधार, लोहा, मुखेड परिसरातून बैलगाड्या ऊसतोडीसाठी दूरच्या कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. दुष्काळात चारा छावण्या उघडल्या, की शेकडो जनावरे एकाच मांडवाखाली येतात. या वाटांपैकी एकही बंद करणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. म्हणूनच बेटाभोवतीच्या पाण्याची जागा येथे लसीकरणाने घ्यावी लागते.

गावातील निम्म्या जनावरांना लस दिली आणि निम्मी राहिली, तर रोगाला वाट मोकळीच राहते. दूध कमी होईल, बैल दोन दिवस सुस्त राहील, गाभण गाईला त्रास होईल, अशा भीतीने काही पशुपालक लस टाळतात. टोचल्यावर एखादा दिवस दूध किंचित घटू शकते. रोगाने होणारे नुकसान मात्र पुढच्या वेतापर्यंत पुरते. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याभराने दुसरी आणि मग दर सहा महिन्यांनी एक, असा क्रम पाळावा लागतो. लस निरोगी जनावरालाच द्यायची असते आणि यात्रेला किंवा बाजाराला नेण्याच्या आदल्या दिवशी टोचून काही साधत नाही, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला अवधी लागतो.

रोग दिसलाच, तर जनावर वेगळे बांधणे, सार्वजनिक हौदावर न नेणे, तोंडातील जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुणे आणि गोठा धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने स्वच्छ करणे ही प्राथमिक काळजी घ्यावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवणे सर्वांत महत्त्वाचे. जनावरांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठीच्या २००९ च्या कायद्यानुसार हा नोंद करण्याजोगा रोग आहे. बाजार बंद होईल म्हणून रोग लपवणाऱ्या पशुपालकाच्या गोठ्यातून तो शेजारच्या गोठ्यात जातो आणि तेथून पुढच्या गावात. आजारी जनावर स्वस्तात विकून मोकळे होणारा तर रोगाला गाडीत बसवूनच पाठवतो.

उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडणारे तरुण पशुवैद्यक याच भागातील तांड्यांवर आणि वस्त्यांवर जातात. जर्मन प्रयोगशाळेतील गाळणीतून निसटलेल्या त्या कणांची ओळख त्यांना पाठ्यपुस्तकातून होते आणि प्रत्यक्ष सामना गोठ्यात.

हा सामना संपलेला नाही, याची आठवण खुद्द लोफ्लर यांच्या मायभूमीला नुकतीच झाली. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ, ब्रांडेनबुर्ग राज्यातील एका छोट्या म्हशींच्या कळपात लाळ्या-खुरकूत रोग आढळला. १९८८ नंतर जर्मनीत हा रोग प्रथमच दिसला होता. निदान केले ते लोफ्लर यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने. आणि ज्या ओडरकाठच्या फ्रँकफुर्टमध्ये लोफ्लर जन्मले, ते गावही याच राज्यात आहे. सदतीस वर्षे रोगमुक्त असलेल्या, सर्व साधनांनी सज्ज देशात एका कळपामुळे मांस आणि दुधाची निर्यात अडली. रोज नव्या बाजारात जनावरे उतरणाऱ्या मराठवाड्याला तर एकही गोठा लसीवाचून सोडणे परवडणारे नाही.